सहलीची रंगीत तालीम

"सहलीचं ठिकाण ही मतं घेऊन ठरवायची गोष्टच नाही!" मोजपट्टीनं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. "ही चाचणी घेऊन ठरवायची गोष्ट आहे. माझ्यावर सोपवा. रविवारी दुपारपर्यंत निकाल हातात!"

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं. मोजपट्टीनं आजवर जे जे स्वतःवर सोपवून घेतलं होतं, ते सगळं प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून रांगेनं जात असावं.

मोजपट्टी हे नाव दादानं बहिणीला ठेवलेलं. विज्ञानाची पदवी घेऊन ती खुर्च्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती. काम असं, की कोऱ्या करकरीत खुर्चीवर यंत्रानं वजन आदळत राहायचं, खुर्ची मोडेपर्यंत. आणि मोडली, की ती नेमकी कुठे मोडली हे गंभीर चेहऱ्यानं बघायचं. "एकदा करून काहीच सिद्ध होत नाही," असं ती येता-जाता सांगायची. "निदान तीनदा तरी घ्यायला हवं." चहात साखर कमी आहे, एवढं सांगायलासुद्धा ती तीन घोट घ्यायची!

सहल मात्र चैनीची नव्हती. गेल्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला होता, आणि यंदा ऐन थंडीत कुठेतरी उबदार जागी, समुद्राकाठी जाऊन राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बरीच चर्चा होऊन दोन जागा उरल्या होत्या. एक सपाट बेट. तिथे वाळू, ऊन आणि आणखी वाळू. दुसरं डोंगरगाव. तिथे खाली समुद्र आणि वर टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराचे अवशेष, त्यात अर्धगोल दगडी पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह. बाबांना कुठलीही वाळू चालणार होती. आत्याला ते नाट्यगृह हवं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या चित्रावर बोट ठेवून ती दरवर्षी वर्गाला सांगायची, "इथे खाली मधोमध उभं राहून कुणी कुजबुजलं, तरी पार वरच्या पायरीवर ऐकू येतं." एका वर्षी दुसऱ्या बाकावरून हात वर झाला.

"बाई, तुम्ही स्वतः ऐकलंय?"

हात मोजपट्टीचा होता. सख्खी भाची! आत्या म्हणाली, "नाही." मग तिनं पान उलटलं. पण ते 'नाही' तिच्या मनातून काही गेलं नव्हतं.

अडचण होती ती आत्याच्या गुडघ्यांची. ती उठली, की सुक्या फांद्या मोडल्यासारखा आवाज व्हायचा. हे गुडघे टेकडी चढणार नाहीत, यावर स्वयंपाकघरात एकमत होतं. ते आत्याला सांगणार कोण, यावर नव्हतं.

"तुम्ही सांगा. बहीण तुमची आहे," आई म्हणाली.

"मी?" बाबांनी आवाज खाली आणला. "अगं, ताईनं मला बोट धरून शाळेत नेलंय. अजून रस्ता ओलांडताना ती माझी कॉलर धरते!"

"मग दादा सांगेल."

"मला झोप आलीय," दादा म्हणाला. दुपार होती.

"कुणीच सांगायचं नाही," मोजपट्टी म्हणाली. "जिना सांगेल."

बेत साधा होता. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत पाच मजल्यांची, आणि मधल्या मोकळ्या पोकळीभोवती गोल फिरत गेलेला दगडी जिना. आत्यानं तळापासून जिना चढायला लागायचं. मध्येच कुठेतरी थकून ती स्वतःच म्हणणार, "नको बाई ते डोंगरगाव!" कुणी कुणाचं मन मोडायला नको. आणि आत्याला संशय येऊ नये म्हणून तालीम सगळ्यांचीच. बाबांसाठी दिवाणखान्यात समुद्रकिनारा!

रविवारी सकाळी शेजारच्या बांधकामावरून, तिथल्या मुकादमाला विचारून, मोजपट्टी आणि दादानं बादल्या भरभरून वाळू वर आणली. गालिचा गुंडाळून, प्लास्टिकचा कागद अंथरून वाळू पसरली. दोन्ही बाजूंना एकेक हीटर लावला. चड्डी, बनियन आणि काळा चष्मा अशा वेशात बाबा वाळूवर उताणे झाले. चेहरा असा, जणू शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेत.

"कसं वाटतंय?" मोजपट्टीनं थर्मामीटर रोवत विचारलं.

"पाठीला काहीतरी टोचतंय."

"शिंपला समजा."

"खिळा आहे!"

आत्यानं उन्हाची टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली. "तालीम करून जायची कल्पना चांगली आहे," ती म्हणाली. "मीही शाळेत सहलीआधी मुलांना मैदानाभोवती चालवायची." ती इतकी खूश दिसत होती, की मोजपट्टीनं थर्मामीटरकडे बघणं पसंत केलं.

तळमजल्यावर पाण्याचा पंप घरघरत होता. आत्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत वळणाआड गेली. सोबत कुणी यायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. मोजपट्टी खाली उभी राहिली. शेजारी दादा, काखेत घडीची खुर्ची घेऊन.

"ही कशाला?"

"आत्या मध्येच बसली तर. तुमच्या प्रयोगशाळेतूनच पास झालेली आहे, घाबरू नकोस."

अर्ध्या तासानं तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन आले, त्यांनी खुर्चीकडे आणि दादाकडे आळीपाळीनं बघितलं आणि ते लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट गुरगुरत वर निघाली.

तेवढ्यात वर दिवाणखान्यात बाबांनी कूस बदलली. "ऊन जरा कमी पडतंय," ते म्हणाले. आईनं आतल्या खोलीतला तिसरा हीटर आणून लावला.

इमारतीचा मुख्य फ्यूज इमारतीएवढाच म्हातारा होता. फट्! पंप गप्प झाला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थबकली. सगळ्या घरांतले टीव्ही, मिक्सर, पंखे एकदम मुके झाले. जिन्यात अशी शांतता उतरली, की टाचणी पडली असती तर दचकायला झालं असतं.

"बरंच झालं," मोजपट्टी दादाच्या कानाशी कुजबुजली. "आत्या दुसऱ्या मजल्यावर टेकली असेल. तिला जमणार नाही, हे मला आधीच माहीत होतं. तिनं आपणहून नाही म्हणावं, म्हणून तर हा सगळा घाट घातला."

वरून, अगदी वरून, शांत आवाज आला. "आलं गं."

मोजपट्टीनं मान वर केली. पार पाचव्या मजल्याच्या कठड्यावरून उन्हाची टोपी खाली डोकावत होती.

"काय आलं, आत्या?"

"ऐकू. शेवटच्या पायरीवर. एकेक शब्द!"

"मलाही आलं," लिफ्टमधून दातांचे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "मी ऐकणार नव्हतो. पण मला कुठे जाताच येत नाहीये!"

आत्या खाली उतरू लागली. त्या शांततेत तिच्या गुडघ्यांचा प्रत्येक कडकडाट स्वच्छ ऐकू येत होता. दादानं नकळत खुर्ची उघडली आणि स्वतःच तिच्यावर बसला. दुसऱ्या मजल्यावर, घराच्या दारापाशी, आत्या थांबली. मोजपट्टी धावत वर गेली होती.

"मी खुर्ची नाही, बयो," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तोंडावर सांगायचं होतंस. भर वर्गात हात वर करताना नव्हती वाटली तुला भीती!"

"आत्या, मी..."

"तुम्ही सगळे त्या बेटावर जा. मी घरी बरी."

तिच्या खोलीचं दार लागलं. पाठीला वाळू चिकटलेले बाबा काळ्या चष्म्यासकट बाहेर आले. "निकाल काय लागला?" त्यांनी विचारलं. आईनं त्यांच्या हातात टॉवेल दिला.

वीजवाला आला, डॉक्टर सुटले, वाळू बादल्यांतून खाली गेली. दुपार टळली तरी आत्याचं दार बंदच होतं. मोजपट्टी पॅसेजमध्ये फेऱ्या मारत राहिली. निकाल आधी ठरवून मग चाचणी घ्यायची, असं कुणी प्रयोगशाळेत केलं असतं, तर तिनं स्वतःच त्याची तक्रार केली असती. आणि त्यातूनही निकाल उलटाच लागला होता. आत्या पाचव्या मजल्यावर पोचली होती, आणि तिनं खाली उभं राहून ते बघितलंसुद्धा नव्हतं!

शेवटी तिनं दार लोटलं आणि उंबऱ्यात उभी राहून हात वर केला.

"बाई, एक प्रश्न आहे."

आत्यानं खिडकीतून मान वळवली. तो वर केलेला हात बघितला. "विचार."

"गुडघे दुखतायत?"

"खूप."

"मग वर कशी गेलीस?"

"प्रत्येक मजल्यावर बसत. घाई कुणाला होती? ते नाट्यगृह दोन हजार वर्षं थांबलंय, आणखी अर्धा दिवस थांबेल!"

मोजपट्टीचा हात अजून वरच होता. "मग डोंगरगाव," ती म्हणाली. "बसत बसत."

"हात खाली घे आधी," आत्या म्हणाली. "आणि माझी एक अट आहे. तिथे खाली मधोमध तू उभं राहायचं."

डोंगरगावी हिवाळा नावालाच होता. बाबा पहिल्याच सकाळी खऱ्या वाळूत झोपी गेले आणि आईनं त्यांच्यावर छत्री धरली. दादा आत्याबरोबर टेकडी चढला. जिथे सावली दिसेल तिथे आत्या बसली, जिथे बसली तिथे तिनं दादाला इतिहास शिकवला, आणि ऊन कलता कलता ती पार वरच्या पायरीवर जाऊन टेकली. खालून ती टोपीएवढीच दिसत होती.

मोजपट्टी मधल्या दगडावर उभी राहिली. पायऱ्यांवर परदेशी प्रवासी विसावले होते. तिनं घसा साफ केला आणि ती कुजबुजली, "आत्या, माझं चुकलं."

टोपी हलली. आत्यानं कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं!"

"माझं चुकलं!"

"काय?"

मोजपट्टीनं डोळे मिटले आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "आत्या, माझं चुकलं!"

दगड घुमले. पायऱ्यांवरच्या प्रवाशांना एक अक्षर कळलं नाही; त्यांना वाटलं, जुन्या नाटकातला उतारा असावा. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले.

उतरताना आत्यानं मोजपट्टीचा दंड धरला होता.

"आत्या, खरं सांग. पहिल्यांदा ऐकू आलं होतं ना?"

"स्पष्ट," आत्या म्हणाली. "पण एकदा करून काय सिद्ध होतं? निदान तीनदा तरी घ्यायला हवं."