डाव्या कानावरचे केस

वैशाखातल्या एका बुधवारी रेवती खातू अंगणात आमसुलं उलटत असताना पोस्टमनने पत्र आणून दिलं. तिचा नवरा मुकुंद अकरा महिन्यांपूर्वी वारल्यामुळे घरातल्या चांदीच्या डॉलरची झीज सोसायला सध्या कोणी नाही, तरी ती यापुढे तिने आपल्या अंगावर घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं.

तिने लाल झालेले हात पदराला पुसले आणि पत्र दुसऱ्यांदा वाचलं. डॉलर तिला ठाऊक होता. मुकुंदचे आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी तो चिपळूणला आणला होता. फडताळात, कापसात ठेवलेला असे. एका बाजूला कुरळ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. त्याची झीज कोण सोसतं, हे मात्र लग्नाच्या चोवीस वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी रत्नागिरीहून नाणे-स्थिती कार्यालयाचे गावखडकर आले. बरोबर भिंग होतं, फाईल होती. रेवतीचा दीर सुधाकर समोरच्याच घरात राहायचा, तोही येऊन बसला.

"चांदी मऊ असते, वहिनी," गावखडकर म्हणाले. "ती स्वतः झिजते, नाहीतर घरातलं कोणीतरी तिच्याऐवजी झिजतं. तिसरी सोय नाही."

"मग बाकीच्यांचे डॉलर?"

"ते बिचारे हजार-हजार एका पोत्यात भरले, वर्षानुवर्षं इकडून तिकडे फेकले. एकमेकांवर आपटून गाल खरवडून घेतले. अख्ख्या पोत्याची झीज कोण अंगावर घेणार? काहींवर टांकसाळीतच ठसा हलका पडला, ते जन्मतःच छातीला सपाट. पुष्कळसे वितळवले. म्हणून एक नंबरचा डॉलर मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात हा एकच." जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं ते बोलले.

मग त्यांनी फाईल उघडली. डॉलर आधी उंचवट्यांवर झिजतो. बाईच्या डाव्या कानावरचे केस, आणि गरुडाची छाती. मुकुंदच्या नोंदी त्याच क्रमाने होत्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी : डावा कान, केस गेले. नाण्यावर परिणाम : निरंक. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी : छाती. नाण्यावर परिणाम : निरंक.

"लोकांना टक्कल डोक्यावर पडतं, तुम्हाला कानावर कसं हो?" असं रेवती त्याला चिडवायची. "खिडकीच्या बाजूला झोपतो ना, वारा लागतो," असं तो म्हणायचा. तिने त्याची झोपायची बाजूसुद्धा बदलून पाहिली होती. छातीच्या दुखण्याचं कारण मात्र त्याने कधी सांगितलं नाही, आणि त्यातच तो गेला.

"संमतीवर सही त्यांचीच?"

"त्यांचीच. लग्नाच्या आदल्या वर्षीची."

"मधे सोडता येत होतं?"

"येत होतं की. दर तीन वर्षांनी आम्ही विचारतो. त्यांनी दर वेळी 'चालू ठेवा' असंच लिहिलंय."

रेवतीने फाईल मिटून बाजूला सारली.

"दादाने एवढं केलंय, वहिनी," सुधाकर म्हणाला. "आता तुम्ही मोडता घालू नका. घराण्याचं नाव आहे."

"मग तुम्हीच घ्या की, भावजी."

सुधाकरचा हात आपोआप कानावर गेला. "मी? मला आधीच बीपीचा त्रास."

"या नाण्यावरच्या बाईचं वय काय?" रेवतीने गावखडकरांना विचारलं.

"एकशे चाळीसच्या पुढे."

"मी एकावन्नची. आता तिने झिजावं. मोठी आहे ती."

गावखडकरांनी नियमपुस्तिका चाळली. या मुद्द्याला हरकत घेता येत नव्हती. त्यांनी नकाराचा अर्ज पुढे केला आणि समज दिली, की नाणं आता कापसात ठेवता येणार नाही, रोज हाताळावं लागेल, दोन्ही बाजूंनी, सारखंच.

"हाताळीन," असं म्हणून रेवतीने ठळक अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला, की ती पायरीवर बसायची आणि त्या बाईच्या केसांवर अंगठा फिरवायची. हाताला अंदाज होता. मुकुंदच्या कानावर तिने खोबरेल तेल पुष्कळ वर्षं चोळलं होतं. श्रावणात बाईच्या बटा पुसट झाल्या. गौरी-गणपतीपर्यंत डाव्या कानावरची जागा गुळगुळीत झाली. सुधाकर बघून गेला आणि म्हणाला, "अगदी दादासारखी दिसायला लागली." रेवती हसली. बऱ्याच दिवसांनी ती मोठ्याने हसली होती.

दिवाळी झाल्यावर गावखडकर तपासणीला आले. भिंगातून पाहून त्यांनी मान डोलावली. "उत्तम झीज आहे. इतकी एकसारखी पाहायला मिळत नाही." मग त्यांनी नाणं उलटं केलं. गरुडाच्या छातीवरचं पीस न् पीस मोजता येत होतं.

"वहिनी, ही बाजू?"

"चहा टाकते, बसा."

"नियम दोन्ही बाजूंचा आहे, वहिनी."

"माहीत आहे मला," रेवती आतून म्हणाली.

गावखडकरांनी फाईलमध्ये 'छाती : निरंक' असं लिहिलं, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत गेले. त्यानंतर ते आणखी दोनदा येऊन गेले.

गरुडाची बाजू रेवतीने अजून झिजवायला घेतलेली नाही.