नानांचा गोऱ्हा

नाना भर रस्त्यात उभे राहायचे. कुणाशी बोलायला नव्हे, रिक्षा थांबवायला नव्हे, नुसतेच. कमरेला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला घोड्याएवढा वाटणारा एक दांडगा कुत्रा, आणि मध्ये ताणून सरळ झालेलं अंतर. कुत्रा पुढच्या दोन पायांनी देवपुरातली माती उकरत असायचा आणि नाना डोळे अर्धवट मिटून तंबाखू चघळत असायचे. सायकली, दूधवाले, शाळेची पोरं त्यांना वळसा घालून जायची.

पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा मी लुनावरून शाळेत शिकवायला निघाले होते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. नाना पाणी प्यायले, त्यांनी ग्लास परत दिला आणि ते पुन्हा उभे राहिले.

नाना माझ्या समोरच्या घरात राहायचे. म्हणजे घर त्यांच्या मुलाचं, सुभाषचं. तो बँकेत होता. गावाकडची शेती वाट्याने देऊन नाना आणि त्यांची बायको आक्का त्याच्याकडे राहायला आले होते. बैल शिकवणारा माणूस म्हणून नानांचं पंचक्रोशीत नाव होतं. कुणाचा गोऱ्हा, म्हणजे तरणा बैल, जुवाला मान देत नसला की तो नानांकडे यायचा आणि जाताना गाडी ओढत जायचा. शहरात आल्यावर या विद्येचं काय करायचं, हा प्रश्नच होता. देवपुरात बैल शिकवून हवाय असं कोण म्हणणार?

तेवढ्यात सुभाषने मित्राकडून हे पिल्लू आणलं. त्याने नाव ठेवलं टायगर. नाना त्याला पहिल्या दिवसापासून ‘गोऱ्हा’च म्हणाले.

कुत्रा सहा-आठ महिन्यांत असा भरला की माझ्यासारखी भित्री बाई फाटक उघडायच्या आधी दोन्ही बाजूंना पाहू लागली. त्याला फिरवायचं काम नानांकडे आलं, आणि तिथेच घोटाळा झाला. कुत्र्याने हिसका दिला की नाना धडपडत त्याच्यामागे पळायचे आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, “वा रे मन्हा वाघ! काय खांदा शे, दखा!” वर खिशातून गुळाचा खडा. सगळं आयुष्य ज्याने ओढणाऱ्याला शाबासकी दिली, त्याच्या हाताला दुसरं काय येणार? कुत्रा बिचारा हुशार. ओढलं की गूळ मिळतो, हे त्याने चटकन ओळखलं.

एकदा नानांनी त्याला अंगणातल्या खाटेला बांधलं. उन्हाळ्याचे दिवस होते, खाटेवर धोतर पसरून आक्कांनी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. ज्वारी भिजवा, दळा, शिजवा, थापा, असा तो सगळा उपद्व्याप. गल्लीतून एक मांजर गेलं. मग कुत्रा गेला, त्याच्यामागे खाट गेली आणि खाटेवरून बिबडे एकेक करत उतरत गेले. खाट थेट गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या चक्कीपर्यंत पोहोचली.

“मन्हा बठ्ठा बिबडा मातीम्हा गयात!” आक्का दारातून ओरडल्या. “आते या घरम्हा हाऊ कुत्रा ऱ्हाई, नहीते मी ऱ्हासू!”

नाना मात्र खाटेकडे बघत होते. “भरेल खाट वढी नेई,” ते मला हळूच म्हणाले. चेहऱ्यावर असा अभिमान, जणू नातवाचा बोर्डात नंबर आला असावा.

त्याच संध्याकाळी सुभाषने निकाल दिला. कुत्र्याने एकदा नानांना पाडून त्यांचं मनगट मुरगळवलं होतंच, आता हे. “नाना, आखाजीपर्यंत बघतो. तोवर नीट चालायला लागला तर ठीक. नाहीतर पाचोऱ्याला एका ओळखीच्याच्या कापसाच्या जिनिंगवर देऊन टाकतो. राखणीला चांगला आहे. साखळीला राहील.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. महिनाभर उरला होता. दुसऱ्या दिवशी मी लुना बाहेर काढत होते, तेव्हा ते फाटकाशी आले.

“बाई, मन्ही भूल व्हयनी. मी त्याले वढालेच शिकाडं.”

“मग आता?”

“आते जुना बैल लावना पडी.”

नवा गोऱ्हा एकटा शिकत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतात. गोऱ्हा उधळतो, हिसके देतो, आडवा होतो. जुना बैल काहीच करत नाही. मारत नाही, ओरडत नाही. फक्त उभा राहतो. गोऱ्हा दमतो, शेजारी बघतो आणि गुमान त्याच्या पायात पाय टाकतो. मी विचारलं, पण इथे जुना बैल कुठून आणणार? नानांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

आणि खरोखर ते बैल झाले. दोर कमरेला बांधला. कुत्रा ओढू लागला की नाना जागच्या जागी थांबत. “तो वढस तवय मी उभा ऱ्हास. दोर ढिला व्हयना की चालस,” एवढाच त्यांचा कायदा. घरापासून पांझरा नदीच्या पुलापर्यंतचं अंतर मी चालत सहज पार करीन. नानांना तिथे पोहोचायला पहिले कित्येक दिवस जमलंच नाही. चक्कीपर्यंत जाऊन ऊन चढलं की परत यायचे. लोक हसायचे. कुणी म्हणे, “नाना, छडी घ्या.” नाना म्हणत, “जुना बैलना हातम्हा छडी ऱ्हास का?”

मी खूप चिकाटीची माणसं पाहिली आहेत, पण अशी नाही. चिकाटीच्या माणसाच्या कपाळावर आठी असते. नानांच्या नव्हती. कुत्रा जीव खाऊन ओढतोय, धोतर ढळतंय, मागून रिक्षावाला हॉर्न बडवतोय, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर सावलीत बसल्याची शांतता. मला थक्क व्हायला झालं. भारावून मी हाच प्रयोग आठवीच्या वर्गात केला. पोरं गप्प होईपर्यंत नुसती उभी राहिले. थोड्या वेळाने एका मुलीने मला बसायला खुर्ची दिली आणि दंगा पुढे चालू झाला. ती विद्या येरागबाळ्याची नव्हे.

हळूहळू कुत्रा मागे वळून बघायला लागला. ओढायचा, दोर ताणला की थांबायचा आणि या म्हाताऱ्याचं काय बिनसलं म्हणून मान वाकडी करायचा. त्या क्षणी दोर सैल पडायचा आणि नाना लगेच पाऊल उचलायचे. आखाजीच्या आठवड्यात ते दोघं पुलापर्यंत जाऊन आले. बघत राहावं असे चालत होते.

सुभाषला पटेना. “तुमच्याजवळ काय, रेडासुद्धा सरळ चालेल.”

“खरं शे,” नाना म्हणाले. “मंग सुभाषनी मायना हातम्हा दे.”

आक्का म्हणजे काडी. गुडघे धरलेले, पायरी उतरताना भिंतीला हात लावायच्या. एक हिसका आणि खेळ खलास. सुभाष नको नको म्हणत होता, तोवर आक्कांनी पदर खोचला आणि उष्टं ताट उचलावं तसा दोन बोटांत दोर धरला.

आखाजीची सकाळ होती. झाडांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. आक्का पुढे, सुभाष आणि मी जीव मुठीत धरून मागे. चक्कीपाशी तेच मांजर. कुत्र्याने झेप घेतली, दोर ताणला, सुभाष ओरडला. आक्का उभ्या राहिल्या. डोळे अर्धवट मिटून, अगदी नानांसारख्या. महिनाभर खिडकीतून त्या काय बघत होत्या ते तेव्हा कळलं. कुत्र्याने वळून पाहिलं आणि दोन पावलं मागे येऊन त्यांच्या लुगड्याला नाक लावलं.

“चाल रे बाबा,” आक्का म्हणाल्या, आणि चालले दोघं.

परत आल्यावर त्यांनी दोराचं टोक खुंटीला अडकवलं. “मन्हा बिबडासना वाटोळा करा मेलानी,” त्या म्हणाल्या, “पन चालस बरा.” सुभाष हसला. पाचोरा रद्द झाला.

नाना आमच्याबरोबर आलेच नव्हते. मागच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सांगितलं, “नाना, तुमचा गोऱ्हा पास झाला.” त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. कुत्रा दोरासकट खुंटीवरून सुटून त्यांच्याजवळ येऊन बसला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “आता हा झिजलेला दोर टाकून द्या. माझा भाऊ पुण्याहून चांगला चामडी पट्टा आणेल.”

“हाऊ कबऱ्याना दोर शे,” नाना म्हणाले.

कबऱ्या म्हणजे त्यांचा जुना बैल. सगळ्या गावचे गोऱ्हे ज्याच्या शेजारी जुंपून शिकले तो. देवपुरात यायचं ठरलं तेव्हा तोही विकावा लागला होता.

“जनावर इकतस, पन दोर देतस नही, बाई. दोर आपला आपन घर लई येतस.” ते दोराकडे बघत बोलत होते. “बाजारम्हाईन मी चालत घर ऊनू. दोर खांदावर. बठ्ठी वाट मांगे वळी वळी दखे, तो येस का म्हनीसन.”

महिनाभर हा माणूस रस्त्यात उभा होता, तो कशाच्या भीतीने, हे मला आत्ता उमगत होतं. जिनिंगवाला आला असता, तर रिवाजाप्रमाणे कुत्र्याच्या गळ्यातला दोर नानांनाच सोडून घ्यावा लागला असता.

“आखो एकदाव हाऊ दोर रिकामा ऊना असता,” ते म्हणाले, “तर माले झेपनं नसतं.”

आतून आक्कांनी पुरणपोळी खायला हाक मारली. नानांनी उठण्याआधी कुत्र्याच्या मानेवरची गाठ चाचपून पाहिली. गाठ पक्की होती. त्यांनी ती पुन्हा एकदा पाहिली.