शंभर चिंचोके आणि एक

शिंदे सरांच्या घरी चहा हवा असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे : "परसाकडला रगत पडतं का?" समोर प्राचार्य असोत की नवा व्याही, सुटका नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत, मी मराठी. मूळचे कुंडलचे. वर्गात पुस्तकी बोलत, घरी गावचं. मी आपला "छे" म्हणून कप पुढं ओढायचो.

टेबलावर परात, तीत शंभर चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक माणूस. सर वेगळे, फोडलेले चार-पाच चिंचोके फाशासारखे टाकत. सगळ्यांची पांढरी बाजू वर आली की एका माणसाच्या आतड्यात गाठ. त्याला चुन्याचा ठिपका, तोही खालच्या अंगाला. ठिपका फार काळ दडून राहिला की तो माणूस परातीबाहेर. दर वर्षी उलटून बघितलं, म्हणजे तपासलं, तर किती वाचतात, दोन वर्षांनी किती, पाचांनी किती, याच्या वह्याच्या वह्या भरलेल्या. आम्ही चेष्टा करायचो.

"हसा की," ते म्हणत. "पर गाठ दुखत न्हाई, तवाच बघायची."

आमच्याकडं असं बघतो कोण? रक्त दिसलं की मूळव्याध म्हणायचं, सुरण खायचा आणि गप्प बसायचं. खरं सांगतो, मीही दोन महिने सुरणच खात होतो.

एकदा कोपऱ्यातला कुंकवाचा करंडा मी सहज उघडला. आत एकच चिंचोका. हा कुठला पाहुणा, असं मी विचारलं.

"ती आमची," सर म्हणाले. "दीड वरीस सुरण खाल्ला तिनं. मूळव्याध म्हणायची. मी बी तेच म्हनलो. आता कवाकवा परातीत घिऊन मांडतो. दर दोन वर्सांनी बघितलं तर लय येळा वाचती."

मी करंड्याचं झाकण लावलं. म्हटलं, "सर, मला पडतं."

ते उठले. परातीतला एक चिंचोका खिशात टाकला आणि चपला शोधू लागले. तासाभरात आम्ही मिरजेला, डॉक्टरांच्या दारात. पुढं तपासण्या झाल्या आणि आठवड्यानं निकाल आला : साधी मूळव्याध.

सरांनी कॉलेजभर पेढे वाटले. कशाचे, म्हणून कोणी विचारलं की माझ्याकडं बोट दाखवून सांगत, "ह्यांना मूळव्याध हाय." तोंड लपवायला जागा उरली नाही.

संध्याकाळी त्यांनी खिशातला चिंचोका परातीत सोडला. मग करंडा धोतराच्या सोग्यानं पुसून जागेवर ठेवला, आणि पहिल्यांदाच काही न विचारता चहा टाकायला उठले.