शेवटचा स्क्रू

"घरी लोणचं घालतात, पापड लाटतात. विमान कोण बनवतं?" शेडच्या दारातच ठकुबाईंनी तोंड सोडलं.

"एका ब्रिटिश म्हाताऱ्याने बनवलंय, आई. तो मायदेशी गेला, मी घेतलं," सुजीत म्हणाला.

"त्याच्या बायकोने बाहेर काढलं, ते तू गळ्यात घेतलंस."

अबुधाबीतल्या अल ऐन शहराबाहेरच्या त्या शेडमध्ये नूरुद्दीन मेकॅनिक विमान तपासायला आला होता. त्याने इंजिनावर टिचकी मारली, तर वाळू गळाली. वाळू कुठून आली म्हणून ढक्कन उघडलं, तर आत चिमणीचं घरटं. घरटं काढलं, तर खाली तेलाची नळी कुजलेली. नळी काढायची तर इंजिन उतरवा! दुपारपर्यंत अर्धं विमान सतरंजीवर आलं.

"अम्मा, इसका एक स्क्रू दूसरे से नहीं मिलता," नूरुद्दीन कुरकुरला. "जो हाथ आया, लगा दिया."

टॉर्च धरायला माणूस नव्हतं. ठकुबाईंनी पदर खोचला. "आण इकडे. जन्म गेला माझा टॉर्च धरण्यात."

खोटं नव्हतं ते. त्यांचे यजमान दत्ताराम यांची जुनी मोटारसायकल चिपळूणच्या अंगणात कायम अशीच पसरलेली असायची. एरवी तो माणूस घुम्यासारखा. पण हात तेलाने काळे झाले, की बोलायला लागायचा. मुंबईतली पहिली नोकरी, वारलेली आई, काय काय. ठकुबाई टॉर्च धरून ऐकत बसायच्या.

लेकही बापावरच गेलेला. घरी जेवताना फोनमध्ये डोकं, इथे मात्र नळी घासता घासता म्हणाला, "बाबा मला पेट्रोलच्या टाकीवर बसवायचे, आठवतं?"

"वासाने ओकायचास, तेही आठवतं."

मग प्रत्येक रविवार शेडमध्येच जाऊ लागला. "विक म्हणावं ते भंगार," असं सुनेला ऐकवत ठकुबाई शनिवारीच घावन्यांसाठी तांदूळ भिजत घालायच्या.

शेवटी एकदा नूरुद्दीनने हात पुसले. "यल्ला, चलो, ढक्कन लगाया कि खलास! अगले हफ्ते जहाज ऊपर, और अम्मा घर पे आराम करेंगी."

"सुटले बाई," ठकुबाई म्हणाल्या.

ढक्कन बसलं, पण एक स्क्रू सापडेना. नूरुद्दीनने डबे उपडे केले. सुजीत लादीवर पालथा पडला.

"आई, टॉर्च नीट धर ना!"

"धरलाय. तुझे डोळे कुठे आहेत?"

"इसके बिना नहीं उड़ेगा," नूरुद्दीन म्हणाला. "बाजार में भी नहीं मिलेगा. बनवाना पड़ेगा."

सुजीत वैतागून भिंतीला टेकला आणि एकदम हसला. "बाबांचंही असंच व्हायचं ना गं? गाडी जोडून होत आली, की नेमका एक नट हरवायचा."

"वेंधळेपणा रक्तातच आहे तुमच्या. पुढच्या रविवारी घावने करू की आंबोळ्या?"

परतताना ठकुबाईंनी गाडीत कमरेचा बटवा चाचपला. आत सुपारीखाली विमानाचा स्क्रू एका जुन्या, गंजलेल्या नटावर किणकिणला.

"आई, कसला गं आवाज?"

"अडकित्त्याचा," त्या म्हणाल्या. "तू पुढे बघ."