सावळ्या रंगाचं उद्घाटन

जुन्या कवितेचं बोट धरून कपड्यांच्या धंद्यात उतरणारी सबंध संभाजीनगरात मीच पहिली, असं मी महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होते. दूधवालासुद्धा सुटला नव्हता!

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या मध्ययुगीन कवितेत मुलांना काडीचा रस नाही. म्हटलं, वाचत नाही ना, मग अंगावर घाला! यमुनेला निघालेली गवळण, वाट बघून झुरणारी विरहिणी, रुसून बसलेली राधा, अशा एकेकीच्या नावानं मी एकेक साडी काढली. रंग मात्र सगळ्यांचा एकच, सावळा. जुन्या गवळणींत ही कल्पना फार येते, की त्या सावळ्याच्या नुसत्या जवळ गेलं तरी त्याचा रंग आपल्याला लागतो आणि मग काही केल्या निघत नाही. यावर मी वर्गात एक अख्खा तास बोलू शकते. बोलतेही. मुलं झोपतात.

तर काळ्याकडे झुकणारा गर्द निळा रंग, तोही खऱ्या निळीचा, मी घरच्या पिंपात केला. निळीतून काढलेलं कापड स्वच्छ पाणी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यातल्या बादलीभर पाण्यासाठी सासूबाईंपुढं हात जोडण्यापेक्षा मी सगळे कपडे एकाच पाण्यातून काढले आणि दोरीवर टाकले. माझी नणंद मोनिका साड्या नेसून स्टेजवर चालणार होती. तिनं एकदा विचारलंही, की वहिनी, रंग पक्का आहे ना? मी म्हटलं, "अगं, सातशे वर्षं टिकलाय हा रंग."

मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. हॉल मिळवून दिला आप्पासाहेबांनी, म्हणून उद्घाटनही त्यांच्याच हस्ते. आप्पासाहेब आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. माजी होऊन बरीच वर्षं झालीत, पण कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे तसेच आहेत, आणि कडुबा नावाचा एक कार्यकर्ताही. सत्काराच्या शाली आणि नारळ ठेवायला कडुबाच्या खांद्याला कायम एक पिशवी असते. हल्ली ती बहुधा रिकामीच घरी जाते.

माझे सासरे तात्यासाहेब सकाळपासून माझ्यासाठी राबत होते. लासूर स्टेशनला शेती करण्यात त्यांचा जन्म गेला. शहरात आल्यापासून करायला काही नाही, म्हणून ते भांडतात. रिक्षावाल्याशी, बँकेत, टीव्हीतल्या बातम्या सांगणाऱ्याशी. त्या दिवशी त्यांनी साड्यांचे गठ्ठे उतरवले, एकेक साडी स्टँडला टांगली आणि चहाच्या वेळी नेमकं आप्पासाहेबांना गाठलं. नळाला रोज पाणी कधी येणार, हा त्यांचा प्रश्न. आप्पासाहेब नव्या पाइपलाइनबद्दल सांगू लागले. तात्या म्हणाले, "लई वर्सं झाली, हेच ऐकतोय. एक दिवस कोनीतरी तोंड काळं करील तुमचं."

अर्ध्या हॉलनं हे ऐकलं.

मी घाईघाईनं कार्यक्रम सुरू केला. माझ्याच रंगातलं एक सुती उपरणं आप्पासाहेबांच्या गळ्यात घातलं, फोटो झाले, ते पुढच्या कोचावर बसले. शेजारी कडुबा, बरोबर मागच्या खुर्चीवर तात्या. पहिल्या रांगेत आमच्या कॉलेजातले सगळे सहकारी. मी सावळ्या रंगावर बोलले, जरा जास्तच बोलले. मग विरहिणीची साडी नेसून मोनिका स्टेजवर आली, आणि लाइट गेली.

एसी बंद, पंखे बंद. दाट काळोख. लोक हातातल्या कागदानं वारा घेत बसले. पाच-दहा मिनिटांनी लाइट आली, तेव्हा कोचावर आप्पासाहेब होते, पण त्यांचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत निळंकाळं झालेलं होतं. सदऱ्यावर छातीपाशी मोठमोठे डाग. त्यात फक्त डोळे पांढरे.

कडुबा ओरडला, "शाई! साहेबांवर शाई फेकली!"

मला पहिल्या नजरेतच कळलं. उपरणं गळ्यात नव्हतं. घामाघूम होऊन त्यांनी अंधारात त्यानंच तोंड पुसलं असणार, छाती पुसली असणार, आणि सवयीनं ते कडुबाकडे दिलं असणार. कडुबानंही सवयीनं पिशवीत टाकलं असणार.

पण कडुबानं मागं वळून पाहिलं, तर तात्या. तात्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. त्यानं त्यांचं मनगट धरलं. लोकांनी मोबाइल काढले. कुणीतरी पोलिसांना फोन केला, कुणीतरी थेट प्रक्षेपणच सुरू केलं, आणि आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाईफेकीचा निषेधही येऊन पडला.

आप्पासाहेब मात्र ताडकन उभे राहिले. मोनिका ओला रुमाल घेऊन गेली, तर म्हणाले, पुसू नका, जनतेला दिसू द्या. हा हल्ला माझ्यावर नाही, या वॉर्डाच्या विकासावर आहे, असं त्यांनी तीन मोबाइलांसमोर सांगितलं. त्यांचा फोन वाजायचा थांबेना.

आणि मी? मी माझे हात पाठीमागं घेतले. तेही निळेच होते. आता बोलले, तर पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना कळणार की पक्क्या रंगावर भाषण ठोकणाऱ्या बाईचा रंग कच्चा निघाला. मी गप्प राहिले. आजही ते आठवलं की मान वर होत नाही.

तात्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग स्टँडवरच्या साड्यांकडे. मग माझ्याकडे. बस, त्यांना कळलं. आता हा माणूस हॉल डोक्यावर घेणार म्हणून मी डोळे मिटले.

कडुबा विचारत होता, हाताला रंग कुठून आला ते सांगा.

"आला कुठून तरी," तात्या हळूच म्हणाले. "सुनेचा कार्यक्रम हाय, तो होऊ द्या. मला कुठं न्यायचं तिथं न्या."

जो माणूस रिक्षावाल्याला सोडत नाही, तो मान खाली घालून, तेवढ्यात येऊन पोचलेल्या हवालदाराबरोबर चालू लागला. ते दारापर्यंत पोचले, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी माइक ओढला. पण शिकवायची सवय वाईट. तोंडातून निघालं, "मध्ययुगीन कवितेत रंगाला फार महत्त्व आहे." कुणी वळूनही बघितलं नाही. मग मी नेसलेल्या माझ्याच रंगातल्या साडीचा पदर कपाळावरच्या घामावर खसाखसा घासला आणि तसंच तोंड सगळ्यांना दाखवलं.

"तात्यांना सोडा," मी म्हटलं. "ही शाई नाही, माझा रंग आहे. कच्चा आहे."

कडुबानं पिशवी उघडली. उपरणं निघालं, त्याच्याबरोबर निळा झालेला नारळही निघाला. त्यानं स्वतःचे तळवे बघितले. मग साड्या हाताळून बघितलेल्या सगळ्या बायकांनी आपापले तळवे बघितले. स्टेजवर मोनिका गळ्यापासून कोपरापर्यंत सावळी होऊन उभी होती. आमच्या प्राचार्य बाईंच्या मोतिया रंगाच्या पैठणीवर निळी पाच बोटं उमटली होती, त्यांचीच. हवालदारानं तात्यांचा हात सोडून आपला हात पँटला पुसला, आणि पँटकडे बघत तो निघून गेला.

लोक पोट धरून हसले. मी रडत तात्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागं सरले.

"लांबून कर," ते म्हणाले. "धोतर पांढरं हाय."

तासाभरात हॉल रिकामा झाला. साडी एकही खपली नाही, सांगायला नकोच. आप्पासाहेब तेवढे कोचावर एकटे बसले होते. फोन शेजारी पालथा पडला होता, वाजत नव्हता. मी ओला रुमाल घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी रुमाल घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"किती वर्षांनी एवढे फोन आले, ताई," ते म्हणाले. "मला वाटलं, अजून कुणाला तरी आपला राग येतो."

त्यांनी पालथा फोन उचलून बघितला आणि परत ठेवला.

"सकाळी पेपरवाले घरी येणार होते. तेवढं सकाळपर्यंत थांबला असतात..."

त्या दिवशी नवऱ्याची, नणंदेची, प्राचार्य बाईंची, हवालदाराची, सगळ्यांची माफी मागून झाली होती. शेवटी आप्पासाहेबांसमोर हात जोडले, आणि त्यांच्यावर हल्ला झाला नाही याबद्दल त्यांची अगदी मनापासून माफी मागितली.