मगदूमांनी पसंत केलेली फायरवॉल

फायरवॉल नुसती विकत घेता येत नाही, आपल्याला ती पसंत पडावी लागते आणि तिलाही आपण, म्हणून मगदूम कास्टिंगमध्ये रविवारी सकाळी बघण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तीन स्थळं आली होती, तिन्ही नेर्लेकर मध्यस्थांच्या ओळखीतली. पोहे कॅन्टीनमध्ये सांगितले होते. मालक अण्णासाहेब मगदूम कडक इस्त्रीचा शर्ट घालून कोचावर बसले होते आणि उगाचच खाकरत होते.

प्रणिता डहाके मात्र बसायला तयार नव्हती. खिडकीपाशी जा, परत ये, टेबलावरच्या बशा सरळ कर, पुन्हा खिडकीपाशी जा, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. कंपनीचे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची. यवतमाळहून शिरोलीत येऊन तिला दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि इतकी वर्षं ती कंत्राटावरच होती. दर दिवाळीला अण्णासाहेब म्हणायचे, "पुढच्या खेपेला बघू की." या वेळी मात्र त्यांनी आपण होऊन शब्द दिला होता. "फायरवॉल चांगली बघून दे. ती बसली की तू आमची. पर्मनंट." तेव्हापासून बाईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

फायरवॉल तर हवीच होती. मागच्या महिन्यात एक अनोळखी मेल आत शिरला आणि चांगला आठवडाभर स्टोअरमध्ये ठाण मांडून बसला. सगळ्यांना नावानं हाका मारायचा, दोघांच्या डब्यातलं जेवला, आणि जाताना डिझाइनच्या सगळ्या फायली काखोटीला मारून गेला. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकानं हे ऐकलं आणि कळवलं की घरात फायरवॉल येईपर्यंत आम्ही तुमच्याकडून एक नटसुद्धा घेणार नाही.

पहिली फायरवॉल बोलायला गोड होती. वेग विचारला, तिनं खाली बघत सांगितला. एका वेळी किती जणांचं बघशील म्हटलं तर म्हणाली, "घरात जितके असतील तितक्यांचं." अण्णासाहेब खूश झाले. पण प्रणितानं अकाउंटवाल्या शांतिनाथ चौगुल्यांना फाटकाबाहेर पाठवलं आणि अनोळखी माणूस बनून यायला सांगितलं. चौगुले आले आणि म्हणाले, "मी अण्णासाहेबांच्या मावसबहिणीचा जावई." फायरवॉलनं त्यांना तात्काळ आत घेतलं, वर "उन्हातून आलात, पाणी घ्या," असंही म्हणाली.

"माणुसकी आहे की तिला," अण्णासाहेब म्हणाले.

"साहेब, माणुसकी असलेली फायरवॉल काय कामाची?" प्रणिता म्हणाली. "उद्या रोज एक जावई येईल."

दुसरी मोठ्या घरची. तिच्याबरोबर तिचे दोन काका आले होते आणि बोलणं सगळं तेच करत होते. तिला तीन भाषांतले व्हायरस ओळखता येत होते, आलेला मेल न फोडता आत काय आहे ते ती सांगायची. प्रणितानं हळूच विचारलं, "आणि वर्षानंतर?" तशी काकांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षाच्या वर्षाला मानपान करावा लागेल, म्हणाले. मान चुकला तर ती जागची हलणार नाही, पण कामही करणार नाही. नुसती बसून राहील आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघेल.

"मानपान किती?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"ते आम्ही दरवर्षी त्या-त्या वेळी सांगू."

"अबाबाबा!" अण्णासाहेब म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

तिसरी आली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि सगळ्यांना जांभया येत होत्या. करड्या रंगाची, बेताची, समोर दोन हिरवे दिवे. बरोबर कोणी नाही. चौगुले पुन्हा बाहेर जाऊन जावई म्हणून आले, तिनं अडवलं. देवस्थानची वर्गणी म्हणून आले, अडवलं. शेवटी वैतागून ते "अहो, मी चौगुले, माझी पिशवी आत राहिलीय!" असं खरंच ओरडले, तरी तिनं अडवलं, कारण चौगुले कोण हे तिला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. प्रणिताचे डोळे चमकले. हीच, तिच्या मनानं घेतलं.

"तुला काही विचारायचंय का?" अण्णासाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"एकच," फायरवॉल म्हणाली. "तुमची माणसं कोण, तेवढं सांगा. जी सांगाल ती आत. बाकी सगळं बाहेर."

अण्णासाहेब सावरून बसले. त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं, दोन्ही मुलांची घेतली. चौगुल्यांचं घेतलं, तेव्हा चौगुले फाटकाबाहेरून आत आले आणि पिशवी शोधू लागले. मग स्टोअरवाले, भट्टीवाले, साचेवाले, ट्रकवर जाणारे दोघे. वॉचमनचं घेतलं. वारलेल्या थोरल्या बंधूंचंही घेतलं, कारण त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. प्रणिता टेबलाच्या कडेला उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती, पुन्हा गुंडाळत होती. आता घेतील. आता. कॅन्टीनवाल्यांचं नाव झालं, कॅन्टीनमागे राहणाऱ्या मांजरीचंसुद्धा झालं. आपलं नाव आपणच कसं सांगायचं? पुढे पुढे करणाऱ्या बायकांना या घरात काय म्हणतात, ते तिनं इतकी वर्षं ऐकलं होतं.

अण्णासाहेब थांबले. त्यांनी आठवून बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग सरळ तिच्याकडे वळून विचारलं, "प्रणिता, कोणी राहिलं का गं?"

बोटाला गुंडाळलेली ओढणी तिनं सोडून दिली. मग तिला वाटलं, मलाच विचारतायत म्हणजे मी त्यांच्या हिशेबी आहेच की. घरातल्या माणसालाच असं विचारतात. तिला इतकं बरं वाटलं की चेहऱ्यावर हसूच आलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "झाले सगळे."

"मग मला पसंत आहे," फायरवॉल म्हणाली.

सोमवारी सकाळी प्रणिता नवीन ड्रेस घालून कामावर आली आणि फाटकात अडली. फाटक सताड उघडं होतं; पण तिचं पाऊल काही आत पडेना. हवेतच टेकायचं आणि परत यायचं.

"कोण आपण?" फायरवॉलनं विचारलं.

"अगं, मी! मीच नाही का तुला पसंत केलं?"

"पसंत मगदूमांनी केलं, ताई. आपण कोणाच्या?"

"इथलीच. या कंपनीची."

"तसं कंपनीनं सांगितलेलं नाही."

आत कुठेतरी खिडकी उघडली आणि अण्णासाहेबांनी डोकं बाहेर काढलं. "अगं प्रणिता, तिथं काय उभी राहिलीस? लई काम पडलंय! तुझं पर्मनंटचं पत्र सही करून ठेवलंय, ये, घेऊन जा!" आतलं बोलणं बाहेर यायला काहीच अडचण नव्हती. प्रणितानं जीव खाऊन ओरडून सांगितलं, "साहेब, माझं नाव राहिलं!" अण्णासाहेबांनी कानामागे हात धरला. तिनं फोन लावला; त्यांचं "हॅलो, हॅलो" तिला ऐकू येत होतं, तिचं त्यांना नाही. नियम बदलता येत होता, त्यात अवघड काही नव्हतं. तो बदलायचा कसा, ते कंपनीत एकट्या प्रणिताला ठाऊक होतं, आणि त्यासाठी आत असावं लागत होतं.

फाटकासमोर ती येरझाऱ्या घालत राहिली. तिला रडू येत होतं. फायरवॉलचा राग येत होता, अण्णासाहेबांचा येत होता, सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. आणि या सगळ्यात, काय सांगावं, थोडा अभिमानही वाटत होता. दुसरी कुठली फायरवॉल इतकी पक्की निघाली नसती.

ऊन चढलं तशी फायरवॉल म्हणाली, "ताई, पाहुण्यांसाठी वेगळी सोय आहे. बैठकीच्या खोलीपर्यंत जाता येतं. चहा मिळतो. कामाला हात लावता येत नाही आणि कामाचं बोलता येत नाही."

"चालेल," प्रणिता म्हणाली. एकदा आत तर जाऊ, मग बघू, असा तिचा बेत होता.

पाऊल आत पडलं. बैठकीच्या खोलीत पंखा लावला होता. चौगुल्यांनी उठून खुर्ची पुढे केली. आजपर्यंत तिनं इथे चहा प्यायला तो स्टीलच्या पेल्यात आणि उभ्यानं. आज कपबशी आली, बशीत दोन बिस्किटं आली. अण्णासाहेब घाईघाईनं येऊन समोर बसले. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. त्यांनी तोंड उघडलं, चेहरा लालबुंद होईपर्यंत काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "साखर बरोबर आहे ना?"

"साहेब," प्रणिता म्हणाली. तिला म्हणायचं होतं, सर्व्हरच्या खोलीत जा, फायरवॉलच्या यादीत तिसऱ्या पानावर माझं नाव घाला. बाहेर पडलं ते असं: "चहा फार छान झालाय."

अण्णासाहेबांनी पुन्हा जोर लावला. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"नाही, गाडी वेळेवर मिळाली."

"कुठल्या तुम्ही?"

"यवतमाळची," प्रणिता म्हणाली, आणि हे मात्र तिला अडखळल्याशिवाय बोलता आलं.

अण्णासाहेबांनी आणखी एक-दोनदा धडपड केली. मग हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. पाहुण्यांशी बोलणं त्यांना पहिल्यापासून जमायचं. ते कोचाला टेकून बसले, उन्हाळ्याचं बोलले, कोल्हापूरला आलात तर अमकं बघा, तमकं खा, असं सांगितलं, आणि हातातल्या पाकिटानं वारा घेत राहिले. नवीन फायरवॉलचंही त्यांनी कौतुक केलं. "आमच्या माणसांनी बघून आणलीय. लई हुशार माणसं आहेत आमच्याकडं."

"दिसतंच आहे," प्रणिता म्हणाली.

"वेळ संपली," फायरवॉलनं हळू आवाजात सांगितलं.

अण्णासाहेब तिला सोडायला फाटकापर्यंत आले. मोठ्या मालकानं स्वतः उठून फाटकापर्यंत जावं, असं त्या कंपनीत क्वचितच होई; भट्टीवरची माणसं कोण मोठ्या बाई आल्या होत्या म्हणून वाकून बघू लागली. अण्णासाहेबांनी हात जोडले. "आलात, बरं वाटलं. आपलंच घर समजा."

"येते," प्रणिता म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.