साठवण समिती आणि चौथा पर्याय

संस्थेचं मोठेपण ती काय बनवते यावर नाही, काय साठवते यावर ठरतं. या हिशेबाने आमची कंपनी फारच मोठी आहे. आम्ही बनवतो फक्त बिजागऱ्या. पण साठवतो बिजागऱ्यांची ड्रॉइंग, त्या ड्रॉइंगांच्या प्रती, प्रतींच्या प्रती आणि मालकांच्या मेव्हण्याच्या लग्नाचं चार कॅमेऱ्यांनी केलेलं चित्रीकरण. (हे 'संस्थेचा वारसा' या फोल्डरात आहे. मेव्हण्याचा पुढे घटस्फोट झाला, पण वारसा तो वारसा.)

हे सगळं जिन्याखालच्या खोलीतल्या एका स्टोरेजच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कांनी भरलेल्या, कपाटात राहायचं. कपाट म्हातारं झालं होतं. एके दिवशी त्याच्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. आयटीप्रमुखांनी तातडीचा उपाय म्हणून दिव्यावर चिकटपट्टी लावली. तरीही 'जागा संपत आली आहे' असे निरोप पडद्यावर येतच राहिले, तेव्हा दूरगामी उपाय म्हणून समिती नेमण्यात आली. आयटीप्रमुख अध्यक्ष, हिशेबनीस सदस्य आणि मी सचिव.

हल्ली शहाणी माणसं नुसतं कपाट विकत घेत नाहीत, 'सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज' घेतात, हे आम्हाला पहिल्याच बैठकीत समजलं. म्हणजे ऐकू आलं. समजावून सांगितलं ते पहिल्या विक्रेत्याने.

"साहेब, एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. डिस्क म्हणजे मुलं. एक आळशी, एक तापट, एक नुसताच अंगाने मोठा. पण घर चालवतं कोण? सासूबाई! आमचं सॉफ्टवेअर म्हणजे सासूबाई. कुणाकडे काय ठेवायचं ते त्या ठरवणार. एखादा मुलगा रुसून बसला तरी घर चालू."

हिशेबनीसांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहतात. त्यांनी आशेने विचारलं, "आणि सासूबाईच बंद पडल्या तर?"

"त्या बंद पडत नाहीत," विक्रेता अभिमानाने म्हणाला. हिशेबनीसांनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या विक्रेत्याचं म्हणणं, एकच सासूबाई ठेवण्यात धोका आहे. प्रत्येक मुलाच्या खोलीत एकेक हवी. तिसरा म्हणाला, सासूबाई तुमच्या घरात हव्यातच कशाला? त्या आमच्याकडे राहतील, आम्ही सांभाळू, तुम्ही फक्त महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवा. हिशेबनीसांनी याला तिथल्या तिथे पूर्ण गुण दिले. निकष अजून ठरायचे आहेत, याची मी त्यांना सचिव या नात्याने आठवण करून दिली.

निकष ठरले. वेग, भरवसा, वाढवण्याची सोय, मोडल्यावर फोन कोण उचलतं आणि माहितीपत्रकाचा कागद. तिघांना अगदी समान गुण पडले. हे आमच्या निःपक्षपातीपणाचं यश असलं तरी निर्णयाची थोडी अडचण झाली. म्हणून निकष वाढवले. तिघांचे गुणही तितकेच वाढले. विक्रेत्यांची सादरीकरणं, त्या सादरीकरणांची चित्रीकरणं, आमच्या बैठकांची चित्रीकरणं (चहाची वेळ धरून) हे सगळं रीतसर कपाटात जमा होत गेलं. अभ्यास जसजसा सखोल होत गेला, तसतशी जागा उथळ होत गेली. शेवटी असा दिवस आला की, जागा कशी वाढवावी हा अहवाल ठेवायला जागा उरली नाही.

तेव्हा परिपत्रक निघालं: सर्व विभागांनी अनावश्यक फायली काढून टाकाव्यात. अनावश्यक म्हणजे काय, यावर एक बैठक झाली. जी फाइल कित्येक वर्षांत कुणी उघडलेली नाही, ती अनावश्यक.

दुसऱ्याच दिवशी ड्रॉइंगच्या बाई तणतणत आल्या.

"अहो, जुनी ड्रॉइंग काय म्हणून पुसताय?"

"उघडली गेलेली नाहीत ना, बाई," आयटीप्रमुख समजुतीने म्हणाले.

"उघडली नाहीत म्हणजे बिजागऱ्या नीट चालल्यात! मोडल्या असत्या तर उघडावी लागली असती."

"तुमच्या भावना पोचल्या. पण धोरण आहे."

"मग निदान ही एक तरी ठेवा." बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

ती मुलांच्या रुग्णालयासाठी केलेली बिजागरी होती. बाईंची मुलगी लहान असताना तिचं बोट दाराच्या फटीत चेंगरलं होतं. नख परत आलं, पण वाकडं. त्यानंतर बाईंनी हट्टाने एक बिजागरी काढली. दार उघडं असो वा बंद, फट एवढीशीच. बोट आत जातच नाही. किती नमुने फुकट गेले, किती बोलणी खाल्ली, ते सगळं त्या एका ड्रॉइंगमध्ये होतं.

"एकाला सवलत दिली की सगळे मागतात," आयटीप्रमुख म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी इतिवृत्तात 'संबंधितांची सहमती' अशी नोंद केली.

पुढे व्हायचं तेच झालं. रुग्णालयाचा फोन आला: नवा मजला बांधलाय, आधीसारख्याच बिजागऱ्या हव्यात, मुलांच्या बोटांचा प्रश्न आहे, दुसऱ्या चालणार नाहीत. मालकांनी ड्रॉइंग मागितलं. प्रत शोधली. प्रतही त्याच कपाटात ठेवलेली होती (शोधाशोध करावी लागू नये म्हणून), त्यामुळे ती मुळासकट गेली होती.

मालक ओरडले. आयटीप्रमुखांनी विषय पुढच्या बैठकीवर टाकला. बाईंनी पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर टाकला आणि त्या तडक रुग्णालयात गेल्या.

त्या वॉर्डाचं दार उतरवू लागल्या तशी परिचारिका धावत आली. "अहो बाई, दार कुठे नेताय?"

"नेत नाही. वाचतेय."

त्यांनी बिजागरी सोडवली, मापं घेतली, होती तशी परत बसवली आणि परत येऊन ड्रॉइंग नव्याने काढलं. जाता जाता आमच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "तुमच्या समितीपेक्षा ते दार बरं. दिलेलं सांभाळून तरी ठेवलं."

हा टोमणा होता, असं कुणीही म्हणेल. पण समितीने सूचना नाकारायची नसते. 'दार' हा चौथा पर्याय म्हणून तक्त्यात घेण्यात आला. वीज लागत नाही. लायसन्स नाही. रुग्णालयात राहूनही विषाणूची बाधा नाही. रोज शेकडो वेळा उघडझाप होऊन माहिती शाबूत. दाराला सर्वाधिक गुण मिळाले. इतका स्पष्ट निकाल आमच्याकडे प्रथमच लागत होता, त्यामुळे शंका आली आणि फेरतपासणी केली. तीत असं आढळलं की दाराने सादरीकरण केलेलं नाही, त्याची हेल्पलाइन नाही आणि पुढच्या पाच वर्षांचा त्याचा काही आराखडाही नाही. दार बाद झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, बैठक रंगात आलेली असताना, जिन्याखालून एक लांब उसासा ऐकू आला. कपाट गेलं. सोबत तौलनिक अभ्यास गेला, लग्न दुसऱ्यांदा गेलं आणि उरलीसुरली ड्रॉइंगही गेली. समितीला मुदतवाढ मिळाली आहे. अभ्यास नव्याने सुरू आहे, आणि यंदा विक्रेते पाच आहेत.

बाईंनी राजीनामा दिला. मालकांनी दरडावलं, "कंपनीची ड्रॉइंग बरोबर नेता येणार नाहीत, सांगून ठेवतो!"

"नेत नाहीये," बाई म्हणाल्या. "ती तुमच्याकडे आहेतच कुठे?"

आता त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. रुग्णालय हल्ली त्यांनाच फोन करतं.

आणि वाचकहो, तुम्ही गालातल्या गालात हसताय, ते दिसतंय. हसा. पण परवा तुमच्या फोनने 'जागा संपली' म्हटलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? आईने पाठवलेले जुने बोलके निरोप, "पोचलास का रे, जेवलास का" वगैरे, कधी उघडत नाही म्हणून एका बोटाने पुसलेत, आणि हॉटेलातल्या एकाच ताटाचे अकरा फोटो जपून ठेवलेत. आम्ही निदान आधी बैठक तरी घेतली होती.